तोल कुणाचा गेला? : कामावरच्या मृत्यूची मराठी

‘सातव्या मजल्यावरून तोल गेल्याने पडून मजुराचा मृत्यू, पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे.’ मराठी वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्या कुणालाही हे वाक्य अनोळखी वाटणार नाही. मजला बदलतो, गाव बदलते, कधी मजुराच्या जागी रंगारी येतो, कधी वायरमन. वाक्याची घडण मात्र बदलत नाही. गेली काही वर्षे मी अशी कात्रणे एका वहीत चिकटवत आलो आहे. सुरुवात केली ती आकड्यांच्या कुतूहलापोटी. कोणत्या कामात माणसे जास्त मरतात, एवढेच मला पाहायचे होते. हळूहळू लक्ष आकड्यांवरून भाषेकडे वळले, आणि मग लक्षात आले की आकड्यांचा प्रश्नही पुष्कळसा भाषेचाच आहे.

‘तोल गेल्याने’ हा शब्दप्रयोग पाहा. तोल कुणाचा गेला? मरणाऱ्याचा. म्हणजे मरणाचे कारण त्याच्याच अंगात होते. परांचीला कठडा होता का, कमरेला पट्टा होता का, खाली जाळी होती का, हे प्रश्न त्या दोन शब्दांनी विचारण्याआधीच मिटवून टाकलेले असतात. विजेच्या कामात ‘शॉक लागून’, टाकीत ‘गुदमरून’, खाणीत ‘दरड अंगावर येऊन’. प्रत्येक ठिकाणी क्रियापद असे निवडलेले की करणारा कुणी उरू नये. अपघात या शब्दात ‘घात’ आहे, आणि मराठीत घात झाला म्हटले की तो कुणी केला हे लगेच विचारले जाते. ‘अप’ हा उपसर्ग लागला की तो प्रश्न गळून पडतो. जागा भरायला मग काळ येतो. ‘काळाने घाला घातला’ असे आपण लिहितो, कारण काळावर गुन्हा दाखल होत नाही.

या लेखात मला चार प्रकारचे मजकूर एकमेकांशेजारी ठेवून वाचायचे आहेत : सरकारी नोंद, नुकसानभरपाईचा कायदा, अण्णाभाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा आणि चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा चित्रपट. नोंद आणि कथा एकाच मापाने मोजता येत नाहीत, याची मला कल्पना आहे. पण चारही मजकुरांपुढे एक प्रश्न सारखाच आहे : माणूस काम करताना मेला, तर त्या मरणाच्या वाक्यात त्याच्या कामाला जागा कुठे?

१

आधी नोंद. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी अपघाती मृत्यू आणि आत्महत्या यांचा एक अहवाल काढतो. त्यात अपघाती मृत्यूंची वर्गवारी मरण कसे आले यावर केलेली असते : पडून, बुडून, विजेच्या धक्क्याने, बांधकाम कोसळून. ‘कारखाना किंवा यंत्र’ असाही एक रकाना आहे. पण परांचीवरून कोसळलेला गवंडी आणि घरच्या जिन्यावरून घसरलेले आजोबा हे दोघेही ‘पडून’ या एकाच रकान्यात जाऊन बसतात. विहिरीचा गाळ काढताना बुडालेला मजूर आणि सहलीत बुडालेला विद्यार्थी यांचेही तसेच. आत्महत्येच्या भागात मात्र मेलेल्याचा व्यवसाय विचारला जातो. शेतकरी, रोजंदार, नोकरदार, बेरोजगार, गृहिणी असे रकाने तिथे आहेत.

हा फरक मला साधा वाटत नाही. ज्याने स्वतःला संपवले त्याला राज्यसंस्था विचारते, तू काय काम करत होतास. ज्याला कामाने संपवले त्याला ती विचारत नाही. आत्महत्येला हेतू असतो, आणि हेतू आला की गोष्ट तयार होते. शेतकऱ्याची कोंडी मांडणारी सदानंद देशमुखांची ‘बारोमास’सारखी कादंबरी मराठीत लिहिली गेली, तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे योग्यच झाले. परांचीवरून पडलेल्या बिगाऱ्याच्या मरणात चिठ्ठी नसते, निर्णय नसतो. तिथे कथेला पकडायला काही सापडत नाही. नोंदीला आणि वाङ्मयाला एकाच जागी दिसेनासे व्हावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

आकडे नीट ठेवता येतातच. अमेरिकेचे श्रमसांख्यिकी कार्यालय १९९२ पासून कामावरच्या प्राणघातक दुखापतींची गणना करते. मृत्यूचे दाखले, बातम्या, भरपाईचे अर्ज अशा वेगवेगळ्या वाटांनी एकेक मृत्यू ताडून पाहिला जातो. तिथे २०२३ मध्ये असे ५,२८३ मृत्यू नोंदले गेले. सर्व कामगारांचा सरासरी दर लाखामागे ३.५, तर जंगलात लाकूड तोडणाऱ्यांचा ९९ च्या आसपास. मासेमारी त्याच्या मागोमाग. पण संख्येने सर्वाधिक मृत्यू बांधकाम क्षेत्रात. म्हणजे ‘सर्वांत धोक्याचे काम कोणते’ या प्रश्नाला दोन उत्तरे निघतात : एका माणसाला सर्वांत मोठी जोखीम कुठे, आणि सर्वांत जास्त घरांतला माणूस कुठे जातो. पहिल्या उत्तरात थरार आहे, त्यामुळे लेख त्यावर निघतात. दुसऱ्यात थरार नाही, घरे आहेत.

आपल्याकडे कारखान्यांचे आकडे एका महासंचालनालयाकडे, खाणींचे धनबादच्या दुसऱ्या महासंचालनालयाकडे, गटारातल्या मृत्यूंचे राष्ट्रीय सफाई कर्मचारी आयोगाकडे. मधल्या फटीत नाका कामगार, बिगारी, ऊसतोड मजूर. मोजणीची सवय कारखान्याच्या फाटकाच्या आतून सुरू झाली, आणि बरीचशी तिथेच राहिली. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने यंत्रांना कुंपण घालणे आणि अपघाताची खबर देणे बंधनकारक केले. फाटकाबाहेर काय होत होते, ते बोरघाटाने त्याआधीच दाखवले होते. तिथल्या रेल्वेचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये संपले. ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर घाटात होते. पटकी, ताप, सुरुंग आणि कडे यांनी त्यातले हजारोंनी मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने गेला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम पुढे नेले, हे इतिहासात नावानिशी नोंदले आहे. ते नोंदले जायलाच हवे होते. पण त्याच साथींनी गेलेल्या मजुरांपैकी एकाचेही नाव आपल्याला चटकन सांगता येत नाही.

२

कायद्याची भाषा नोंदीपेक्षा जास्त प्रामाणिक आहे, असे म्हटले तर वाचकाला नवल वाटेल. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा निदान मरणाला कामाशी जोडत होता. दुखापत नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झालेली असली पाहिजे, ही त्याची अट होती. त्याची परिशिष्टे एखाद्या निर्विकार ग्रंथासारखी वाचता येतात. एका हाताची चार बोटे गेली तर कमाईच्या शक्तीतली घट ५० टक्के, तीन गेली तर ३०, दोन गेली तर २०. अंगठा एकटाच ३०, म्हणजे तीन बोटांच्या बरोबरीचा. मृत्यूसाठी महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग घ्यायचा आणि त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या अंकाने गुणायचे. सोळा वर्षांच्या मुलासाठी तो अंक २२८.५४, तिशीच्या माणसासाठी २०७.९८, पासष्टीच्या माणसासाठी ९९.३७. २०२० मध्ये हिशोबासाठी धरायच्या मजुरीची कमाल मर्यादा १५,००० रुपये झाली. त्या मर्यादेत तिशीच्या कामगाराच्या जिवाचा हिशोब १५,५९,८५० रुपये होतो. हीच रचना पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही उचलली गेली.

माणसाच्या जिवाला दशांशचिन्ह लावलेले पाहून अंगावर काटा येतो. पण हे कोष्टक एक गोष्ट मान्य करते, जी ‘तोल गेल्याने’ मान्य करत नाही : की या हाताने कुणासाठी तरी कमाई होत होती, आणि तो हात गेला तर कुणीतरी देणे लागतो. कोष्टकाची मर्यादा वेगळीच आहे. ‘नोकरीच्या ओघात’ ही त्याची चौकट. ओघ आटला की कायदाही तिथेच थांबतो. नेमक्या त्या रेषेपलीकडे अण्णाभाऊंचा भीमा उभा आहे.

३

‘स्मशानातील सोनं’ ही कथा अनेकांनी शाळेत वाचलेली असते. वारणेकाठचा धिप्पाड भीमा पोटासाठी मुंबईला येतो. उपनगरात डोंगराकडेला दगडाच्या खाणीत त्याला काम मिळते. खाण बंद पडते आणि काम जाते. एकदा त्याला चितेच्या राखेत सोने सापडते आणि तो राख चाळू लागतो, मग मढी उकरू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून तो ताजे प्रेत उकरतो, तोंडातले सोने काढताना प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि चिरडली जातात. बोटे कापावी लागतात. त्याच दिवशी बातमी येते की खाण पुन्हा सुरू होणार आहे. डोंगर फोडणारा गडी लहान मुलासारखा रडतो.

वर्गात या कथेचे तात्पर्य बहुधा असे निघते : भलत्या मार्गाचे धन पचत नाही, कष्टाची भाकरी गोड. मला हे वाचन कथेवर अन्याय करणारे वाटते. ते पोलीस ठाण्यातल्या नोंदीच्याच जातीचे आहे. तिथे तोल गेला, इथे लोभ झाला. दोन्हीकडे कारण मरणाऱ्याच्या किंवा जायबंदी झालेल्याच्या अंगात शोधले आणि वही मिटली.

कथेची जुळणी दुसरेच काही सांगते. अण्णाभाऊंनी बोटे कापली जाणे आणि खाण सुरू होणे एकाच दिवशी आणले. हा निव्वळ चटका देणारा शेवट नाही. बोटे गेली याचे दुःख भीमाला कशामुळे कळते? खाणीच्या बातमीमुळे. बातमी आली नसती तर ती एक शारीरिक वेदना होती. बातमीने तिचे भांडवली नुकसान करून टाकले. कायद्याचे परिशिष्ट जे टक्क्यांत सांगते, ते इथे एका रडण्यात येते. आणि परिशिष्टाला जे सांगता येत नाही तेही येते : बेकारीत झालेली ही दुखापत नोकरीच्या ओघातली नाही, म्हणून तिचे देणे कुणावरच नाही. पण तिला जन्म दिला तो बंद पडलेल्या खाणीनेच. १९२३ च्या कायद्याची रेषा कुठे अपुरी पडते, हे दाखवणारे याहून नेमके उदाहरण मला मराठीत दुसरे माहीत नाही.

तरीही या कथेशी माझे एक भांडण आहे. कथेत खाण म्हणजे सुटका. स्मशान अमंगळ, खाण मंगळ. पण दगडाची खाण हे काही सुखरूप ठिकाण नव्हे. सुरुंग आणि दरड तर आहेतच. त्याहून चिवट आहे ती धूळ. दगडातली सिलिका श्वासातून फुप्फुसात उतरते आणि तिथे व्रण धरतात. याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही, आणि दवाखान्यात पुष्कळदा क्षय समजून नोंदला जातो. बोटे शाबूत राहिली असती तर भीमा ज्या कामावर हसत परतला असता, त्या कामाने त्याला वीस वर्षांत कुठे नेले असते, हा प्रश्न कथा विचारत नाही. काम मिळणे हेच जिथे जिंकणे असते, तिथे कामाने मरण्याची तक्रार मागे पडते. हा अण्णाभाऊंचा दोष म्हणायला मी धजणार नाही. त्यांनी गिरणीतली मजुरी आणि बेकारी दोन्ही भोगली होती. कोणती आधी मारते हे त्यांना माहीत होते. पण मर्यादा म्हणून ती नोंदवायला हवी, कारण ती आपल्या एकूणच कामगारवाङ्मयाची आहे. संप, उपासमार, टाळेबंदी यांवर आपण पुष्कळ लिहिले. श्वासावर थोडे लिहिले.

४

श्वासाबद्दल घरातलेच एक सांगतो. माझे थोरले मामा परळच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. तिथे कापूस विंचरला जातो आणि हवेत तंतू तरंगत असतात. मामी म्हणायची, ‘रविवार बरा जातो, सोमवार आला की ह्यांना धाप लागते.’ आम्हा पोरांना वाटे, मामांना कामाचा कंटाळा आहे. पुष्कळ वर्षांनी वाचनात आले की सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळणे हे बिसिनोसिस या कापसाच्या धुळीच्या रोगाचे ठरलेले लक्षण आहे, आणि नुकसानभरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात तो रोग नावानिशी होता. मामांच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘दमा’ लिहिले आहे. मामीला जे वाराच्या नावासकट ठाऊक होते, ते कोणत्याही कागदावर उतरले नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगात कामाशी संबंधित कारणांनी वर्षाला सुमारे २९ लाख ३० हजार माणसे मरतात. त्यांतले अपघाताने सुमारे ३ लाख ३० हजार. उरलेले सुमारे २६ लाख कामातून आलेल्या आजारांनी. म्हणजे माझी कात्रणवही, तिच्यातले सगळे मजले आणि सगळ्या टाक्या, हा एकूण गोष्टीचा जेमतेम नववा हिस्सा आहे. बाकीच्यांची बातमी होत नाही, कारण त्यांच्या मरणाला तारीख असली तरी प्रसंग नसतो. ते घरी, खाटेवर, नोकरी सुटून दहा वर्षांनी मरतात. वाङ्मयाने इथे पुढे यायला हरकत नव्हती. लांबत जाणारा काळ पकडणे हे तर कादंबरीचेच काम.

५

‘कोर्ट’ या चित्रपटाने यातली एक गाठ फार नेमकी पकडली आहे. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा की त्यांच्या गाण्यामुळे वासुदेव पवार या गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. वीरा साथीदार यांनी शाहिराची भूमिका केली. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यावर बरेच लिहिलेही गेले. बहुतेकांनी तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आणि न्यायव्यवस्थेच्या संथपणाचा चित्रपट म्हणून वाचला. तो तसा आहेच. पण मला त्यात दुसरी एक उलथापालथ दिसते.

गटारात माणूस मेला की एरवी काय होते, हे आपण पाहिले : अकस्मात मृत्यू, वही बंद. इथे सरकार पक्ष उलट धावतो. तो या मरणाला कारण शोधतो, हेतू शोधतो, दोषी शोधतो. जे तपासकौशल्य मुखवट्याविना माणूस आत कुणी उतरवला हे शोधायला कधी वापरले जात नाही, ते सगळे एका गाण्यावर खर्च होते. म्हणजे या मरणाला कर्ता असू शकतो हे राज्यसंस्थेला मान्य आहे. फक्त तो कर्ता कामाच्या बाजूचा असता कामा नये. पुन्हा तो अहवाल आठवतो. वासुदेव पवार अपघाताने मेला असता तर त्याचा व्यवसाय कुणी विचारला नसता. आत्महत्या ठरली की व्यवसायाचा रकाना उघडतो. चित्रपटकर्त्याच्या डोळ्यांसमोर हा अहवाल असेल असे मी म्हणत नाही. पण वास्तवातला विपर्यास त्याने त्याच सांध्यावर पकडला आहे.

वासुदेव पवार पडद्यावर कधीच दिसत नाही. त्याच्या कामाची माहिती येते ती त्याच्या विधवेच्या साक्षीतून. साधने नव्हती. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे, असे समजून तो उतरायचा. वास सहन व्हावा म्हणून प्यायचा. हे तिने सांगताना कोर्टात कुणाचा आवाज चढत नाही. मराठी पडद्यावर एखाद्या धोक्याच्या कामाची इतकी नेमकी, इतकी कमी शब्दांतली माहिती मी दुसरी ऐकलेली नाही. झुरळ हे तिथे वायुमापक आहे. गटारातला हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. थोडा असताना सडक्या अंड्यांचा वास येतो; प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो. म्हणून एकाला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेने १९८६ मध्येच दाखवून दिले होते की बंदिस्त जागांतल्या मृतांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात. आपल्या बातम्यांत ते ‘दोघे सख्खे भाऊ’, ‘बाप-लेक’ अशा शब्दांत येतात.

कायदे नाहीत असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याचे ३६ वे कलम विषारी वायूच्या टाकीत श्वसनयंत्र आणि दोरीच्या पट्ट्याशिवाय उतरण्यास मनाई करत होते. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ चा आणि २०१३ चा असे दोन कायदे झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १९९३ पासूनच्या गटारमृत्यूंसाठी १० लाख रुपये ठरवले आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. पण भरपाई मिळायला आधी ते मरण ‘गटारातले’ म्हणून लिहिले जावे लागते. आणि या कामावर कोणत्या जातींची माणसे उतरतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते तसे का लिहिले जात नाही हेही ठाऊक असते.

‘कोर्ट’बद्दलही एक तक्रार. वकील, सरकारी वकील आणि न्यायाधीश यांच्या कोर्टाबाहेरच्या आयुष्यात कॅमेरा बराच वेळ थांबतो. विधवेच्या वाट्याला साक्ष आणि मोजके क्षण येतात. व्यवस्थेवरचा चित्रपट व्यवस्थेतल्या माणसांसोबत घरी गेला, हे समजते. पण जिच्याजवळ खरी माहिती होती, तिचा दिवस कसा जातो हे आपल्याला थोडेच कळते. माझ्या मामीची आठवण मला तिथे झाली.

६

साहित्याने सुरक्षा-निरीक्षकाचा अहवाल व्हावे, अशी माझी मागणी नाही. तशी मागणी करणाऱ्यांनी साहित्याचेही भले केले नाही आणि कामगाराचेही. माझे म्हणणे वाचनापुरते आहे. काम करताना आलेल्या मरणाचा मजकूर समोर आला, मग ती बातमी असो की कथा, की त्यात कारण कुणाच्या अंगात ठेवले आहे हे पाहावे. ‘स्मशानातील सोनं’ लोभाची कथा म्हणून शिकवली जाते आणि ‘कोर्ट’ गाण्याचा खटला म्हणून आठवला जातो, तेव्हा खाण आणि गटार दोन्ही वाचकाच्या नजरेतून निसटलेली असतात. लेखकांनी ती ठेवली होती. आपण वाचताना सोडली.

कात्रणवही मी अजून ठेवतो. फक्त आता प्रत्येक कात्रणाच्या समासात दोन गोष्टी लिहितो. एक, माणूस काय काम करत होता : गवंडी, रंगारी, बिगारी, वायरमन. बातमीत बहुतेकदा ‘मजूर’ एवढेच असते, म्हणून कधी कधी दुसऱ्या वर्तमानपत्रात शोधावे लागते. दुसरी, तिथे काय असायला हवे होते : कठडा, पट्टा, जाळी, वायुमापक. वहीच्या शेवटच्या पानावर कात्रण नाही. तिथे मामांच्या दाखल्याची प्रत आहे. समासात लिहिले आहे : कार्डिंग खाते, सोमवार.